माईक आधी, प्रीअँप नंतर

भजनी मंडळ असो, सुगम संगीताचा पाच-सहा जणांचा ग्रुप असो की एकटा गाणारा कलाकार, स्वतःचा माईक घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: कुठल्या कंपनीचा घेऊ? त्याच्या पाठोपाठ दुसरा: चांगला प्रीअँपही लागतो म्हणतात, तो कोणता? प्रश्न रास्त आहेत, फक्त जरा घाईनं विचारलेले आहेत. तुम्ही बसून गाता की उभं राहून, माईक हातात असतो की स्टँडवर, आजूबाजूला काय काय वाजतं आणि तुमचा आवाज तुम्हाला ऐकवणारा मॉनिटरचा बॉक्स कुठे ठेवलेला असतो, हे आधी कागदावर लिहून काढा. एवढं झालं की कंपन्यांची लांबलचक यादी आपोआप तीन-चार नावांवर येते. प्रीअँपचं म्हणाल, तर मंचावर गाणाऱ्या बहुतेकांना तो वेगळा विकत घ्यावाच लागत नाही.

याचं कारण समजून घेऊ. माईकमधून निघणारी वीज अगदी किरकोळ असते, काही मिलिव्होल्ट. मिक्सर आणि अँप्लिफायरला पुढचं काम करायला साधारण एक व्होल्टची पातळी लागते. मधलं हे अंतर भरून काढणारं सर्किट म्हणजे प्रीअँप. मिक्सरच्या प्रत्येक माईक चॅनलवर सगळ्यात वर ‘गेन’ नावाचं जे गोल बटण असतं, ते प्रीअँपचंच. म्हणजे ज्याच्याकडे मिक्सर आहे त्याच्याकडे प्रीअँप आहेच. तो कितपत चांगला आहे, हा मुद्दा नंतरचा.

माईकचे मुख्य प्रकार दोन. डायनॅमिकमध्ये पडद्याला चिकटलेलं तारेचं बारीक वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते. याला बाहेरून वीज लागत नाही, तो आदळआपट सहन करतो, आणि लांबचे आवाज तो फारसे मनावर घेत नाही. कंडेन्सरचा पडदा फार हलका असतो, त्यामुळे श्वास, मींड, शब्दाच्या कडा सगळं बारकाईनं टिपलं जातं. पण त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो, आणि तुमच्या गळ्याइतक्याच बारकाईनं तो शेजारचा डग्गाही टिपतो.

नवख्या ग्रुपला मी डोळे झाकून डायनॅमिक सांगतो. शूअरचा एसएम ५८ बाजारात आला १९६६ साली आणि अजूनही जगभरच्या मंचांवर तोच दिसतो. कागदावरचे आकडे काही दिपवणारे नाहीत: ५० ते १५,००० हर्ट्झ. पण तो ओठांजवळ धरून गाण्यासाठीच बनवलेला आहे. खालचा आवाज थोडा उतरवलेला आणि शब्द स्पष्ट करणारा वरचा पट्टा थोडा उचललेला, अशी त्याची घडण आहे. काही बायकांच्या तार सप्तकात हा उचललेला पट्टा टोचतो. तसं जाणवलं तर सेन्हायझरचा ई ८३५ गाऊन बघा. माईक थोडा जवळ-लांब झाला तरी त्यात आवाजाचा पोत कमी बदलतो, म्हणून माईक धरायची सवय नसलेल्यांनाही तो बरा पडतो. माईकवर चालू-बंदचा खटका असलेलं मॉडेल गाण्यासाठी घेऊ नका. निवेदकाला तो सोयीचा, पण गायकाच्या बोटाला तो नको त्या क्षणी सापडतो आणि मग अर्धी सभा साउंडवाल्याकडे रागानं बघते.

आता खरा महत्त्वाचा भाग: माईक कुठल्या दिशेचं ऐकतो. कार्डिऑइड माईक समोरचं पूर्ण ऐकतो, बाजूचं साधारण ६ डेसिबलनं कमी, आणि बरोबर पाठीमागचं जवळजवळ नाहीच. सुपरकार्डिऑइड बाजूचं आणखी कमी, सुमारे ९ डेसिबलनं खाली ऐकतो, पण पाठीमागचं थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा पाठीमागे तिरपी, दोन्ही अंगांना सुमारे १२६ अंशांवर असते. शूअरचा बीटा ५८ए, सेन्हायझरचे ई ८४५ आणि ई ९४५, एकेजीचा डी ५ हे सगळे सुपरकार्डिऑइड. या बहिऱ्या जागेचा थेट संबंध मॉनिटरशी येतो. कार्डिऑइड असेल तर मॉनिटर गायकाच्या बरोबर समोर, माईकच्या शेपटीकडे ठेवायचा. सुपरकार्डिऑइड असेल तर तोच मॉनिटर थोडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचा. बीटा ५८ए विकत आणला, मॉनिटर होता तिथेच राहिला आणि ‘महागाचा माईक जास्त शिट्टी मारतो’ अशी तक्रार सुरू झाली, हे आपल्याकडे हमखास घडतं. माईकला दोष देण्याआधी बॉक्स दीड हात सरकवून बघा.

शास्त्रीय किंवा नाट्यसंगीताच्या बैठकीची मांडणी डोळ्यांसमोर आणा. गायकाच्या उजव्या हाताला तबला, डावीकडे पेटी, पाठीमागे दोन तानपुरे. माईकचं तोंड गायकाकडे, म्हणजे तानपुऱ्यांकडेही. त्यामुळे तानपुरा त्यात येणारच, आणि बहुतेक गायकांना तो थोडा हवाच असतो. तबला आणि पेटी मात्र माईकच्या बाजूला पडतात, तिथे सुपरकार्डिऑइडचा फायदा होतो. तोटा असा की गाताना मान आणि हात मोकळे हलवणारा गायक त्याच्या अरुंद झोतातून लवकर बाहेर जातो. एका ओळीत आवाज भरदार आणि दुसरीत पातळ, असं होऊ लागतं. अशा गायकाला कार्डिऑइडच द्यावा. बैठकीत मंचावरचा एकूण आवाज आटोक्यात असतो, म्हणून कंडेन्सरचा विचार इथे जरूर करावा: शूअरचा बीटा ८७ए आणि त्याचा कार्डिऑइड भाऊ बीटा ८७सी, किंवा ऐपत असेल तर नॉयमनचे केएमएस १०४ आणि केएमएस १०५. यातला १०४ कार्डिऑइड आणि १०५ सुपरकार्डिऑइड. यांच्या किमती साध्या डायनॅमिकच्या कितीतरी पट आहेत. ज्यांच्या महिन्यातून चार मैफली होतात आणि ज्यांचा साउंडवाला ठरलेला आहे, त्यांनीच त्या वाटेला जावं.

वारकरी कीर्तनात गणित उलटं होतं. कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग. माईक कीर्तनकाराकडे बघतो तेव्हा त्याला टाळकरीही समोरच दिसतात. कार्डिऑइड घ्या नाहीतर सुपर, टाळ अडवणारी दिशा इथे मिळतच नाही. इथे उपाय एकच, अंतर. आवाजाचा नियम असा की अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलनं घसरते. चार बोटांवरचा माईक वीतभर लांब गेला तर तुमचा आवाज ढोबळमानानं नऊ डेसिबलनं खाली येतो. टाळ मात्र होते तेवढेच राहतात. मग साउंडवाला गेन चढवतो, त्याबरोबर टाळही चढतात, आणि शेवटी शिट्टी. कीर्तनाला आणि दणक्यात चालणाऱ्या भजनाला म्हणूनच डायनॅमिक माईक, तोंडाजवळ. कंडेन्सर टाळाचा चरचरीत वरचा आवाज फारच आवडीनं उचलतो.

भजनी मंडळांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दर माणशी एक माईक ही कल्पना समतेची आहे, पण आवाजासाठी वाईट. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी सुरू होण्याआधीची तुमची जागा ३ डेसिबलनं कमी होते. चाल सांगणाऱ्याला एक, धरणाऱ्या चौघांमध्ये मिळून दोन, पखवाजाला एक. एवढ्यात भागतं. वाचलेल्या पैशात बरे स्टँड आणि बऱ्या वायरी येतात.

जवळ धरायचं म्हटलं की दोन अडचणी येतात. पहिली, दिशा ओळखणारा कुठलाही माईक अगदी ओठांशी आणला की खालचा आवाज फुगतो. बारीक आवाजाच्या गायकाला हे उपकारक ठरतं, भरड आवाजाच्या गायकाचे शब्द मात्र त्यात बुडतात. दुसरी अडचण प, फ, ब, भ यांची. पांडुरंग, पंढरी, पुंडलीक, भक्ती, भाव: आपल्या अभंगांत या अक्षरांचा सुकाळ आहे आणि प्रत्येक वेळी हवेचा धपका पडद्यावर बसतो. माईक तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, जरा खालून तिरपा धरला की हवा त्याच्या बाजूनं निघून जाते आणि आवाज मात्र येतो. जाळीवर स्पंजची टोपी घातली तर आणखी मदत. आणि जाळी मुठीत धरू नका. जाळीच्या खालच्या भागातूनही माईक ऐकत असतो आणि त्यामुळेच त्याला दिशा कळते. ती वाट बंद केली की तो चहूकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. टीव्हीवरच्या गायकांचं बघून ही सवय लागते, लहान मुलांना तर फारच.

आता प्रीअँप. थोडं गणित करू, कारण दुकानदार इथेच गोंधळात टाकतात. एक पास्कल दाबाला, म्हणजे ९४ डेसिबलच्या आवाजाला, एसएम ५८ साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो. केएमएस १०५ त्याच आवाजाला ४.५ मिलिव्होल्ट देतो. यातला कमजोर, म्हणजे ५८, पाऊण व्होल्टपर्यंत आणायला सुमारे ५२ डेसिबल गेन लागतो. पण माईकजवळ तोंड ठेवून खुल्या आवाजात गाणारा माणूस ९४ वर थांबत नाही, सहज ११० च्या आसपास जातो. म्हणजे प्रत्यक्षात ३५ ते ४० डेसिबल पुरतात. नाव असलेल्या कंपनीच्या छोट्या मिक्सरलाही एवढा गेन द्यायला काही त्रास पडत नाही, आणि त्याची स्वतःची खरखर सभागृहातल्या पंख्यांच्या आवाजाखाली बुडून जाते. यूट्यूबवर बघून काहीजण माईकच्या पुढे लावायची क्लाउडलिफ्टरसारखी डबी मागतात. ती सुमारे २५ डेसिबल वाढवते आणि शूअर एसएम ७बीसारख्या फार कमी वीज देणाऱ्या स्टुडिओ माईकसाठी उपयोगी आहे. तो माईक पास्कलला जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो. मंचावरच्या गायकाला तिचा उपयोग नाही. ट्यूबवाले ‘ऊबदार’ प्रीअँपही घरी रेकॉर्डिंगच्या हौसेपुरते ठीक. मंडपात ती ऊब कुणाला ऐकू येत नाही.

वेगळ्या यंत्राची गरज खरी कुठे पडते, तर जिथे मिक्सरच नसतो. देवळाचा सभामंडप, सोसायटीचा हॉल, गावातलं मंगल कार्यालय. तिथे भिंतीशी एक जुना पीए अँप्लिफायर असतो, त्याला पी-३८ पिनेचे (साध्या जॅकचे) माईक इनपुट असतात, फँटम नसतो, आणि सगळ्या माईकांना मिळून एक बेस, एक ट्रेबल. अशा ठिकाणी तुमचा उत्तम माईकही डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. उपाय म्हणजे चार-सहा माईक चॅनलचा छोटा मिक्सर, यामाहाच्या एमजी मालिकेतला किंवा त्याच तोडीचा, स्वतःबरोबर न्यायचा. माईक एक्सएलआर (तीन पिनांच्या) वायरीनं मिक्सरला, आणि मिक्सरचं आउटपुट अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ इनपुटला. चुकूनही त्याच्या माईक इनपुटला नाही: तिथे मिलिव्होल्टची अपेक्षा असते, तुम्ही व्होल्ट द्याल आणि आवाज फाटेल. हा मिक्सर म्हणजेच तुमचा प्रीअँप. घेताना तीन गोष्टी बघा: एक्सएलआरचे किमान चार इनपुट, ४८ व्होल्टचं बटण, आणि चॅनलवर लो-कट. आत भरलेले सोळा प्रकारचे इको मोजत बसू नका. आपल्याकडे तसाही इको गरजेच्या दुप्पट असतो.

४८ व्होल्टचं बटण लहान मिक्सरवर सहसा सगळ्या चॅनलना एकदम लागू होतं. नीट एक्सएलआर वायरीवर असलेल्या डायनॅमिक माईकला त्यानं इजा होत नाही. पण एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्याला पी-३८ अशा घरगुती जुगाडाच्या वायरी असतील तर भरवसा धरू नये. बटण दाबताना आणि काढताना चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारा फेडर खाली, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो.

लो-कटच्या बटणाबद्दल गायकांच्या मनात उगाच भीती असते की ते आपला खर्ज कापेल. हे बटण बहुधा ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं उतरवतं. तुमची पट्टी काळी चार असेल तर मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झवर आहे आणि मंद्र पंचम १५६ वर. बटण तुमच्या वाटेलाही येत नाही. बायकांनी ते कायम दाबून ठेवावं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ च्या आसपास, मंद्र पंचम १०४. इथे ८० चं लो-कट चालेल, १०० चं अगदी सीमेवर येतं. मंद्र षड्जापर्यंत, म्हणजे ६९-७० हर्ट्झपर्यंत आलापी करणार असाल, तर बटण काढा आणि पाटावरच्या धडधडीसाठी स्टँडखाली सतरंजीची घडी घाला. मंडपाच्या फळ्यांवर कुणी चाललं की जो धपधप आवाज येतो, तो याच खालच्या पट्ट्यात असतो. उभं राहून गाणाऱ्या सगळ्यांसाठी लो-कट हे मिक्सरवरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे.

गेन लावण्याची पद्धत एकच आहे आणि ती दोन मिनिटांत होते, तरी बहुतेक ठिकाणी ‘हॅलो, हॅलो, माईक चेक’ म्हणून उरकतात. बोलण्याच्या आवाजावर गेन लावला तर पहिल्याच तानेला लाल दिवा लागतो. कार्यक्रमात जी सगळ्यात वरची आणि जोरदार जागा घेणार आहात, तीच गा, तेवढ्याच अंतरावरून. दुसऱ्यानं गेन हळूहळू वाढवत न्यावा, लाल दिवा लुकलुकला की थोडा मागे यावा आणि तिथे सोडून द्यावा. नंतर कमी-जास्त करायचं ते फेडरनं. गेन पुन्हा हलवला तर मॉनिटरचा आवाजही बदलतो आणि गायक गोंधळतो.

खरेदीबद्दल. लोकप्रिय माईकांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत. डबा, पाउच, छापील पत्रक सगळं खऱ्यासारखं. खरा एसएम ५८ वायरीशिवाय सुमारे ३०० ग्रॅम भरतो. हातात घेतल्यावर फारच हलका लागला तर तिथेच थांबा. निम्म्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत नसतो. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या आणि वॉरंटी कार्ड जपा. एवढं बजेट नसेल तर मोठ्या नावाच्या नकलेपेक्षा अहुजासारख्या आपल्याकडच्या जुन्या कंपनीचा साधा डायनॅमिक माईक केव्हाही बरा, सुटे भाग आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावीही होते. वायर आणि कनेक्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हवे तसे मिळतात. सोल्डरिंग येत असेल तर वायरी स्वतः बनवा, पण लांब वायर एक्सएलआर ते एक्सएलआरच ठेवा, कारण जनरेटरची आणि डिमरची घरघर तीच वायर अडवते.

कॉर्डलेसच्या स्वस्त जोड्यांबद्दल एवढंच सांगतो की त्याच पैशात वायरीचा माईक नेहमी चांगला येतो. हिंडत गाणारे नसाल तर वायरच बरी.

देखभाल सोपी आहे. बहुतेक डायनॅमिक माईकांची जाळी आटे फिरवून निघते. ती आणि तिच्या आतला स्पंज कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा. एकच माईक पाच जणांच्या तोंडासमोर फिरत असेल तर हे दर महिन्याला करायला हवं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कंडेन्सरला दमट हवेचा त्रास होतो, त्यात चरचर सुरू होते. तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावा.

आणि एक गोष्ट, जिच्यावर तडजोड नाही. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापणारे, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांत बसवणारे लोक अजूनही आहेत. घरघर जाते खरी, पण बिघाड झाला तर माईकच्या जाळीत करंट उतरू शकतो आणि गायकाचे ओठ तिला लागलेले असतात. ओल्या जमिनीवरच्या मंडपात हे जिवावर बेतू शकतं. जाळीला ओठ लागून चिमटा बसल्यासारखं जाणवलं तर गाणं थांबवा, लाइन तपासल्याशिवाय पुढे गाऊ नका.

दुकानात जाताना फोनवरचा तानपुरा आपल्या पट्टीत लावून न्या. प्रत्येक माईकवर तेच तीन तुकडे गा: एक खर्जातला, एक भरभर शब्दांचा, एक तार सप्तकातला. सोबत तुमचा आवाज ओळखणारा माणूस असू द्या आणि त्याला काउंटरपासून दूर, स्पीकरसमोर उभं करा. तुम्हाला तुमचा आवाज हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे निवाडा त्याच्या कानांनी करायचा. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साउंडवाल्याला एक फोन करा: एक्सएलआर इनपुट आहे का, फँटम आहे का, मॉनिटर कुठे ठेवणार. माईक कोणता आणताय तेही त्याला सांगा, म्हणजे मॉनिटर तो पहिल्यापासूनच योग्य जागी ठेवेल.